तीन हजार तीनशे तेहतीस बिटांची चावी

"दोन हजार अठ्ठेचाळीस बिटांची चावी काय, कुणीही वापरतं! आपली तीन हजार तीनशे तेहतीसची. चोराच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही!" कुलूपराव छाती फुगवून म्हणाले, तेव्हा मुख्य कचेरीचं परिपत्रक त्यांच्याच कपाखाली होतं. चावीची लांबी ठरवून दिलेलीच ठेवावी, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

कुलूपराव म्हणजे ऑफिसचे संगणकवाले. गुप्त मेलसाठी सगळ्यांना स्मार्टकार्डं द्यायचं काम मिळालं आणि हे नाव चिकटलं. कार्ड खाचेत सरकवायचं, पिन टाकायचा, की कार्डातल्या चावीने मेल उघडणार. एवढं साधं काम, पण साधं करतील ते कुलूपराव कसले!

पहिला प्रयोग झाला आवक-जावकच्या ताईंवर. ताईंची लेक परगावी, बाळंतपण महिन्यावर आलेलं आणि जवळ कुणी नाही. तिच्या गावी बदली मिळावी म्हणून ताई दोन वर्षं अर्ज करत होत्या.

"माझी मेल दुसरं कुणी वाचणार नाही ना हो?"

"तुमच्याशिवाय कुण्णी नाही, ताई!"

चाचणीची मेल फटकन उघडली. चावी बनवताना तिची एक प्रत संगणकावर राहिली होती, ती कुलूपरावांनी ऐटीत पुसून टाकली. आता चावी फक्त कार्डात!

शुक्रवारी जेवणानंतर मुख्य कचेरीची मेल आली. वर विषय तेवढा दिसत होता: 'बदलीबाबत, आज पाचच्या आत उत्तर द्यावे.' ताईंनी कार्ड घातलं, पिन टाकला. मेल उघडेना!

कुलूपरावांच्या आत्ता कुठे लक्षात आलं. चाचणीची मेल कार्डाने उघडलीच नव्हती. ती संगणकावरच्या प्रतीने परस्पर उघडली होती, आणि ती प्रत त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती! कार्डाने ती विचित्र लांबीची चावी ठेवून घेतली होती खरी, पण ती चालवायची वेळ येताच हात वर केले होते.

खरं सांगायला जीभ रेटेना. "सर्व्हर जरा सुस्त आहे," ते म्हणाले.

"मग फोन करून विचारू का?"

"छे छे! असलं फोनवर बोलायचं नसतं, ताई. गुप्ततेचा भंग होतो!"

त्यांनी कार्ड रुमालाने पुसलं, त्यावर फुंकर मारली. घाईघाईत तीनदा पिन चुकवला आणि कार्डच बंद पडलं. तेवढ्यात साहेब आले.

"काय चाललंय?"

"सुरक्षा फारच चांगली बसलीये, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे... ताईंनाही वाचता येत नाही."

पाचला दहा मिनिटं होती. ताईंचे डोळे भरून आले होते. कुलूपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माझी आहे, ताई. नसता शहाणपणा केला मी. फोन करा."

ताईंनी नंबर फिरवला. मुख्य कचेरीतल्या बाईंचा आवाज असा खणखणीत, की जिन्यावरच्या शिपायालाही ऐकू गेला.

"अहो, मंजूर झाली! लेकीच्याच गावी! एक तारखेपासून. जाताय ना?"

"जाते! जाते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुलूपरावांनीही वाजवल्या, पण मान काही वर होईना.

निरोपाच्या दिवशी ताईंनी प्रत्येकाला एकेक पाकीट दिलं. सगळ्यांची चिकटवलेली होती, कुलूपरावांचं तेवढं उघडं.

"चिकटवायचं राहिलं वाटतं, ताई."

"राहिलं नाही हो," ताई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्हाला वाचता तरी यावं."