धबधब्यासमोर फायनल एक्झिट

सुट्टीचं नियोजन माझ्याकडून शिकावं, असं मी सौदीतल्या अल खफजीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगत असतो. म्हणून मी आणि माझी बायको शरीफा कोरियातल्या जेजू बेटावर उतरलो तेव्हा माझी मान जरा ताठच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धबधब्यापाशी पोचलो. फोनला नेटवर्क मिळालं आणि कंपनीच्या ग्रुपवरचा कालचा मेसेज उघडला : ‘मुनाफ फायनल एक्झिटवर गेला. त्याला शुभेच्छा.’

मुनाफ म्हणजे मी. फायनल एक्झिट म्हणजे सौदीतून कायमची रवानगी. मी तर परतीचा व्हिसा मागितला होता! क्लार्कने चुकीचं बटण दाबलं असणार. नोकरी गेली, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना गेला, आणि आम्ही दोन बॅगा घेऊन कोरियात.

क्लार्कसकट ऑफिसातलं कोणी फोन उचलेना, शुक्रवारची सुट्टी होती. शेजारच्या हनीफला लावला. तो आमच्याच कंपनीत, घराची चावीही त्याच्याकडे.

“मुनाफ, मला तरी सांगायचंस,” तो नाराजीने म्हणाला.

“हनीफभाई, मी परत येणार आहे.”

“काय? पाऊस पडतोय का तिथे?”

“धबधबा आहे! परत येणार!”

“परत नाही येणार ना, कळलं. सामानाची काळजी करू नकोस. वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावरचा पंकज घेऊन गेला. सोफा बघायला उद्या येतायत.”

फोन कट झाला.

“अहो, इकडे बघा ना, फोटो काढते,” शरीफा म्हणत होती. तिला काय सांगणार? मी पुन्हा फोन कानाला लावला.

संध्याकाळी हॉटेलात क्लार्क विनयचाच फोन आला. “मुनाफभाई, तुमचे सतरा मिस्ड कॉल? तो मेसेज ड्रायव्हर मुनाफचा होता. गावी गेला बिचारा.”

मी लगेच हनीफला तसं कळवलं, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दम्माम विमानतळावर अधिकाऱ्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे. मग शिक्का मारला. “यल्ला,” म्हणजे चला पुढे.

घरी सोफा जागेवर होता. पंकज मशीन परत घेऊन आला, आत त्याचे ओले कपडे तसेच. शरीफाने सगळ्यांना फोटो दाखवले. प्रत्येकात माझी पाठ आणि कानाला फोन.

“पण धबधबा कसा होता?” हनीफने विचारलं.

मी फोटो पुन्हा एकदा चाळले.

“आवाज फार होता,” मी म्हणालो.