विमान शिवणारे बिन्यामीनभाऊ

इकडे ये, अशी जवळ बस. दारातच उभी राहून मावशीला 'दोदा, घाई आहे' म्हणायचं असेल तर आलीस कशाला? आणि मी मराठीत बोलते तेव्हा तूही मराठीतच बोल. चुकलीस तर मी हसणार नाही. हसले तरी थोडंच हसेन. हैफाहून ओफाकिम लांब पडतं म्हणे. ज्याला यायचं असतं त्याला लांब पडत नाही बाई.

आमच्या शेजारच्या बिन्यामीनभाऊंना जगात काहीच लांब पडत नसे. "विमानाने जवळच आहे," असं म्हणायचे. पावाचं दुकान विमानाने जवळ, यरुशलेम विमानाने जवळ, रेवदंडा मात्र विमानाने जरा लांब. हे सांगणाऱ्या माणसाकडे तेव्हा सायकलसुद्धा नव्हती.

विमान होतं. म्हणजे अर्धं होतं.

ही गोष्ट इस्राएलच्या या वाळवंटात ओफाकिम नवं नवं वसत होतं तेव्हाची. पत्र्यासारख्या पातळ भिंतींची घरं होती, झाडाचं नाव नव्हतं. मी नुकती लग्न होऊन आले होते. भिंतीपलीकडे बिन्यामीनभाऊ आणि सिपोरावहिनी राहायची. मूलबाळ नव्हतं. भाऊ मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लबात फिटर होते. तिथल्या एका साहेबाने त्यांना विमान चालवायलाही शिकवलं होतं, आणि तसं लायसन त्यांच्याकडे होतं. इथे त्यांना जवळच्या किबुत्झच्या सामाईक शेतीवर पाण्याचे पंप दुरुस्त करायचं काम मिळालं. तिथल्या गोठ्यामागे त्यांना हे विमान दिसलं.

जुनं, दुपंखी. एकावर एक असे पंखांचे दोन मजले, मधे काठ्या आणि तारा. प्रथम पाहिलं तेव्हा मला वाटलं, कपडे वाळत घालायची छान सोय केली आहे. पूर्वी ते पिकावर औषध मारायचं. एकदा गव्हात उलटं पडलं, ते ओढून गोठ्यामागे टाकून दिलं. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. पंप दुरुस्त केल्याबद्दल काय देऊ, असं त्या लोकांनी विचारलं तेव्हा भाऊंनी ते मागितलं. किबुत्झवाले म्हणाले, न्या, पण कोंबड्यांना दुखवू नका. भाऊंनी एकेका कोंबडीची समजूत घालून विमान आणलं आणि गावाबाहेरच्या रिकाम्या शेडमध्ये ठेवलं.

आता वहिनीचं सांगते. वहिनी भाऊंशी बोलत नव्हती.

त्याचं कारण भाऊंची तीच खोड. इकडे यायला बोटीत बसायच्या आधी वहिनीने एकच गोष्ट विचारली होती, "तिथे समुद्र आहे ना?" ती रेवदंड्याची, ताजी मासळी आणि भरती-ओहोटी याशिवाय तिला जग माहीत नव्हतं. भाऊंनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "जवळच आहे." ट्रकने आम्हाला इथे उतरवलं तेव्हा वहिनीने चारी दिशांना पाहिलं. सगळीकडे माती. तिने फक्त विचारलं, "कशाने जवळ?" भाऊ खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "विमानाने."

त्यानंतर वहिनी त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. बोलायचं ते माझ्यामार्फत. भिंत पातळ असल्याने मला जावंही लागत नसे. "रिबके, ह्यांना विचार, भात वाढू का." मी इकडून ओरडायची, "भाऊ, भात?" भाऊ तिकडून, "थोडासा." मग मी, "वहिनी, थोडासा." ती दोघं तिघांत बसल्यासारखी जेवायची, आणि माझी भाकरी इकडे करपायची. वहिनीने तर सरळ सांगितलं होतं, मी भावाकडे रेवदंड्याला परत जाणार. पेटी भरलेली होती.

पेटी अडली ती पंखामुळे.

या विमानाचे पंख लाकडाच्या फासळ्यांचे, आणि त्यावर कापड. कापड फासळीला धरून शिवावं लागतं. पंख कडेवर उभा करायचा. एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. अलीकडच्याने लांबलचक सुई आरपार ढकलायची, पलीकडच्याने ओढून घ्यायची आणि फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. एकट्याचं काम नाही. भाऊंनी आधी माझ्या नवऱ्याला पलीकडे बसवलं. तो झोपला. मग मला बसवलं. माझा टाका पाहून भाऊ म्हणाले, "रिबके, तू करंज्या छान करतेस."

तेव्हा वहिनी शेडमध्ये आली. रेवदंड्यापासून मुंबईपर्यंत बायकांची पोलकी शिवलेला तिचा हात. वाईट टाका तिला बघवत नसे. तिने मला उठवलं, पदर खोचला आणि पलीकडे बसली. मला म्हणाली, "सांग ह्यांना, मी हे कापड शिवून देते. घेतलेलं शिवण अर्धं टाकून जायची मला सवय नाही. पंख पुरे होऊन हे उडालं, की मी मोकळी. त्या दिवशी पेटी उचलणार."

भाऊ म्हणाले, "सांग, चालेल."

पुढचं मी कानांनी ऐकलं म्हणून सांगते. डबा घेऊन शेडपाशी गेले, तर आत दोघांचा आवाज. पंख मधे उभा, अलीकडे भाऊ, पलीकडे वहिनी. कोणाला कोणाचं तोंड दिसत नव्हतं.

"सुई."

"आली. हळू ओढा, कापड आहे, दोरखंड नाही."

"हळूच ओढतोय."

"लग्नातसुद्धा असंच म्हणाला होतात. माझ्या बोटाचं साल निघालं अंगठी घालताना."

"अंगठी घट्ट होती."

"बोट माझं होतं." सुई परत धाडून, "आज बोंबलाची आठवण आली."

"मलाही."

"तुम्हाला कशाला यावी? तुम्हाला विमानाने जवळच आहेत."

मी डबा बाहेर ठेवून परत आले.

घरी आली की दोघं पुन्हा मुकी. "रिबके, ह्यांना सांग, आंघोळीला पाणी काढलंय." शनिवारी शब्बाथला सुई बंद, म्हणून बोलणंही बंद. त्या दिवशी भाऊ सिनेगॉगमधून परस्पर शेडकडे जायचे आणि पंखाच्या आपल्या बाजूला स्टुलावर नुसते बसून राहायचे.

पहिल्यांदा पंख पुरे झाले ते किबुत्झच्या चादरींनी. चादरींवर धोबीखात्याचे आकडे होते, ते पंखावरही दिसायचे. तपासायला तेल अवीवहून एक साहेब आला. त्याने पंखावर टिचकी मारली, आकडे वाचले आणि म्हणाला, या चादरीवर झोपा, उडू नका. पण माणूस भला. विमानाचं खरं कापड त्याने कुठूनसं पाठवून दिलं. सगळं उसवून पुन्हा शिवणं आलं. हे पहिलं उसवणं रीतसर होतं.

दुसऱ्यांदा पुरे झालं तेव्हा भाऊंनी स्वतःच नापास केलं. म्हणाले, टाके विरळ आहेत. वहिनीचे टाके विरळ म्हणणं म्हणजे समुद्र आळणी म्हणणं. पण ती लगेच उसवायला बसली. तिसऱ्यांदा कापडावर रोगण चढवलं. त्याने कापड ढोलकीसारखं ताणतं आणि गावभर पेअरच्या गोळ्यांसारखा गोडसर वास सुटतो. भाऊ म्हणाले, आत धूळ बसली. नेगेवमध्ये धूळ कुठे बसत नाही? माझा नवरा म्हणाला, "हा माणूस मशीहा येईपर्यंत विमान शिवणार." मी म्हटलं, "शिवू दे. तू जेव."

शेवटी तो साहेबच कंटाळला. पुन्हा आला, टिचकी मारली, प्रत्येक तार ओढून पाहिली, आणि भाऊंनी तोंड उघडायच्या आत सही करून दिली. भाऊ म्हणाले, "साहेब, नीट बघा, काहीतरी राहिलं असेल." साहेब म्हणाला, इतकं चांगलं शिवलेलं विमान मी पाहिलं नाही. भाऊंनी ही स्तुती अंत्ययात्रेला आलेल्या माणसासारखी ऐकून घेतली.

उडायच्या दिवशी सकाळी वहिनीने मलिदा केला. पोहे, गूळ, खजूर. नारळ कुठला मिळायला. एलियाहू हन्नाबीचं, आपल्या प्रेषिताचं, नाव घेऊन सगळ्यांना वाटला. भाऊ म्हणाले, "एलियाहू हन्नाबी अलिबागेजवळ खडकावरून रथातून वर गेला. मला तर सपाट शेत आहे." कोणी हसलं नाही. वहिनी प्रवासाचं लुगडं नेसून आली होती, आणि पेटी शेडच्या दाराशी होती. दुपारची बस लोदच्या विमानतळाकडे जायची.

किबुत्झच्या मेकॅनिकने पुढचा पंखा हाताने फिरवला. इंजिन खोकलं, थांबलं, भाऊंचा चेहरा उजळला. मग ते लागलंच. विमान उड्या मारत गेलं आणि जमीन सोडून वर गेलं. आमच्या छपरांवरून एक चक्कर, बकऱ्यांवरून एक चक्कर. वहिनी कपाळावर हात धरून बघत होती. टाक्यांकडे बघत असेल; मला तरी तिचं विमानाकडे लक्ष आहे असं वाटलं नाही. खाली येताना ते टणटण आपटलं आणि थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ कोणाकडे न बघता ते शेडमध्ये घेऊन गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

बाहेर आले तेव्हा माझ्याकडे आले. इतक्या दिवसांत निरोप नेहमी वहिनीकडून सुरू व्हायचा. पहिल्यांदाच भाऊ म्हणाले, "रिबके, सांग तुझ्या वहिनीला. खालचा पंख फाटलाय."

वहिनी आत गेली. मीही गेले. फासळीच्या कडेला वीतभर चीर होती. सरळ. आखून काढल्यासारखी. वहिनीने तिच्यावरून बोट फिरवलं.

"रिबके, विचार ह्यांना, वरच्या हवेच्या हातात कात्री होती का."

भाऊ छपराकडे बघत म्हणाले, "वरच्या हवेचं काही सांगता येत नाही."

वीतभर चीर म्हणजे काय गं, ठिगळ लावायचं. त्याला एकच माणूस पुरतो, हे एव्हाना मलाही कळत होतं. वहिनीला तर नक्कीच. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मेकॅनिकने दारातून डोकं घालून विचारलं, पेटी चढवायची का. भाऊंनी खिशातला रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"पंख उतरवा," वहिनी म्हणाली.

मी सवयीने तोंड उघडलं, भाऊंना सांगायला. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, मधे काही नसताना.

"उतरवा म्हणते ना. सगळं कापड काढावं लागेल. अर्धवट शिवण मला चालत नाही, माहीत आहे तुम्हाला."

"माहीत आहे," भाऊ म्हणाले.

बस गेली. पेटी मीच घरी नेली, जड होती. त्या दिवसापासून मला भाताचे निरोप देणं बंद झालं, आणि संध्याकाळी घर फार शांत वाटू लागलं.

निघालीस? बरं. पण आता पेसाखच्या सणाची वाट बघत बसू नकोस. लौकर ये, एखाद्या साध्या वारी ये. फोनबिन करायची गरज नाही, मी घरीच असते.