तुरटीशिवाय चालणार नाही

शेगडीवर निळं पाणी तापत आलं आणि तुरटीचा डबा रिकामा निघाला. तुरटीच्या पाण्यात भिजवल्याशिवाय कापडावर रंग पक्का बसत नाही, आणि हॉटेलचे मॅनेजर त्यांच्या नॅपकिनांची चौकशी करायला दुपारी दारात उभे राहणार होते. रंगारणीने घाईघाईने नवऱ्याला फोन लावला. तो टेम्पो घेऊन बाहेर पडला होता.

"आज तुरटीशिवाय चालणार नाही. जिथे असेल तिथून घेऊन ये," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आता या घरच्या बोलण्यात तुरट्या दोन होत्या. एक डब्यातली. दुसरी म्हणजे रंगारणीची मावशी. मावशी दोन वाक्यं बोलली की समोरच्याच्या तोंडाला कोरड पडे, म्हणून नवरा-बायकोने तिला गुपचूप हे नाव ठेवलं होतं. मॅनेजर भांडखोर, बायको भिडस्त. सकाळीच ती म्हणाली होती, "त्या माणसापुढे माझी जीभच उचलत नाही." नवऱ्याने दोन्ही गोष्टींचा मेळ घातला आणि टेम्पो मावशीच्या घराकडे वळवला.

"जावईबापू, वाट चुकलात की काय?" मावशीने दारातच विचारलं.

"मावशी, तिला तुमची गरज आहे."

नातलगांकडे येणं-जाणं सगळं मावशीच्याच बाजूने असे. बोलावणं असं कुणाचं येत नसे. तिने चष्मा पुसला, चपला घातल्या आणि टेम्पोत जाऊन बसलीसुद्धा.

टेम्पोचा आवाज ऐकून रंगारणीने पाठमोरीच हाक मारली, "आणलीस का रे तुरटी?"

"आणली," मावशी म्हणाली.

रंगारीण वळली. नवरा छताकडे बघू लागला. पुढचं सगळं मावशीला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मी तुरट बोलते," ती शांतपणे म्हणाली. "बरं. आजपासून गोड बोलेन."

तेवढ्यात मॅनेजर आले. आल्या आल्या त्यांनी नॅपकिन उद्या सकाळीच मागितले.

"उद्या कशाला, आज रात्रीच घ्या ना," मावशी म्हणाली.

"आणि छटा जरा बदला. निळा नको, निळसर हवा."

"काय सुंदर निवड आहे हो तुमची."

"मागच्या वेळचे पडदेही परत रंगवून द्या. फुकट."

"अहो, घरचंच काम आहे. सोफ्याची कव्हरंही आणा."

मॅनेजर खूश होऊन खुर्ची ओढून बसले. रंगारणीला घाम फुटला. तिने मावशीचा पदर ओढला आणि ती काकुळतीने पुटपुटली, "मावशी, चुकलो आम्ही. तू आपली नेहमीसारखं बोल गं."

"नक्की?"

"पाया पडते तुझ्या."

मावशीने चष्मा नाकावर नीट बसवला.

"साहेब, नॅपकिन आज रात्री मिळतील, पण कच्च्या रंगाचे. पाहुणे जेवतील, तोंड पुसतील आणि निळी तोंडं घेऊन गावभर हिंडतील. जाहिरात झकास होईल. पडद्यांचं म्हणाल, तर ते तुम्ही उन्हात वाळवलेत, आम्ही नाही. आणि निळा नि निळसर यांतला फरक तुम्हाला कळत असता, तर हा टाय घालून घराबाहेर पडला नसतात."

मॅनेजरनी टायकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात दिले तरी चालतील," ते म्हणाले आणि प्यायला पाणी मागितलं.

ते गेल्यावर मावशी त्यांच्याच खुर्चीत ऐसपैस बसली. नवरा अंग चोरून दाराशी उभा होता.

"जावईबापू, उभे काय राहिलात? जा, तुरटी आणा," ती म्हणाली. "आणि या वेळी दुकानातली."