पेडणेकर मॅडमचे चपटे रेणू

आमच्या पेडणेकर मॅडम कुणाकडेही जेवायला बसल्या की आधी आमटीची वाटी तिरकी करतात. आमटी काठापर्यंत कशी सरकते ते डोळे बारीक करून बघतात, "वाहतेय!" म्हणतात आणि मगच भाताला हात लावतात. घरात नवी सून असली तर ती बिचारी घाबरते. पण मॅडमना चवीशी काही देणंघेणं नसतं. जमिनीतून निघणारं काळं, जड क्रूड तेल इतकं दाट का असतं, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन चिखलोलीला माझ्या शेजारी राहायला आल्या, तरी शोध चालूच.

"जड तेल दाटच असणार ना," असं माझा नवरा एकदा सहज बोलून गेला. एका पायात मोजा घालून तो ऑफिसला निघण्याच्या बेतात होता.

"जड वेगळं, दाट वेगळं! गोडंतेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकंच ना? मग पाण्यापेक्षा हळू का ओघळतं?"

दुसरा मोजा बराच वेळ त्याच्या हातातच राहिला.

"सगळा दोष चपट्यांचा!" हे मॅडमचं ठरलेलं वाक्य. मग त्यांनी माझा पोळ्यांचा डबा उघडला. "क्रूडमध्ये मोठाले चपटे रेणू असतात, अस्फाल्टीन. ते असे एकावर एक बसतात. काठाला गंधक, नायट्रोजन असतं, ते शेजारच्याला ओढून धरतं. चवडीला चवड चिकटली की हलकं तेलही मध्ये अडकतं. झालं, वाहणं बंद!" मग एक पोळी सोडवत म्हणाल्या, "तूप लावलं असतंस तर सुटल्या असत्या. क्रूडमधले रेझिनचे रेणू तेच काम करतात, चपट्यांना वेगळं ठेवतात." त्या दिवसापासून आमच्याकडे पोळ्यांना तूप लागतं.

यंदा सोसायटीत सत्यनारायण झाला. पूजेनंतर कुणीतरी गाणं म्हणावं तसा मॅडमनी माइक घेतला आणि आम्हा सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं केलं. "तुम्ही अस्फाल्टीन. हात धरा!"

"मॅडम, मैं किधर से चपटी दिखती?" उल्हासनगरहून आलेल्या लालवाणी भाभींनी विचारलं.

"मनाने व्हा भाभी, मनाने!"

आमचे सेक्रेटरी शिर्के म्हणजे हलकं तेल. त्यांनी गर्दीतून गेटपासून लिफ्टपर्यंत जायचं. शिर्के निघाले आणि दोन आजोबांच्या मध्येच अडकले. "अहो, सोडा ना!" ते ओरडले. "सोडू नका, तेल अजून थंड आहे! तापलं की सुटायचं!" मॅडम गरजल्या. एक माणूस कमी पडत होता, म्हणून त्या स्वतःच माझ्या आणि भाभींच्या मध्ये शिरल्या आणि दोघींचे हात धरले. मग जोरात म्हणाल्या, "तापमान वाढलं! सुटा!"

सगळे सुटले, डुलायला लागले, आणि शिर्के सुळकन लिफ्टपाशी. टाळ्या, शिट्ट्या. मग सगळी गर्दी जेवणाकडे वळली, भाभीसुद्धा.

मी मात्र तिथेच. माझा हात मॅडमच्या हातात होता.

"मॅडम, सुटायचं ना?"

"हो गं." पण पकड सुटेना. चेहरा हसराच होता. "ह्यांच्याबरोबर बुक केला होता हा फ्लॅट. ताबा मिळाला तेव्हा मी एकटीच आले. हात धरायचं काही कारणच पडत नाही गं आता."

मी हात तसाच राहू दिला.

तेवढ्यात भाभी दोन ताटं घेऊन परत आल्या. आमच्याकडे बघितलं, ताटं बाजूच्या स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि मॅडमचा दुसरा हात धरला.

"क्या मॅडम, फिरसे ठंडा हो गया?"

मॅडम खळखळून हसल्या. "हो. राहू दे जरा थंडच."