किथोमेंच्या ट्रकमागची रांग

माकिंडूच्या पुढे ट्रकने अंग टाकलं. न्दोलोने पाय पार तळाला दाबला, तरी गाडी बैलाच्या चालीनेच निघाली. समोर दिवा पेटला होता: युरियाचं पाणी खराब आहे, म्हणून इंजिनाने आपणच जोर कमी केलाय.

खराब असणारच होतं. काळा धूर ओकणारे ट्रक सिमेंट कंपनीने बंद केले, म्हणून किथोमे मालकांनी हा नवा घेतला. धूर स्वच्छ करायला त्याला वेगळ्या टाकीत युरियाचं तयार पाणी लागतं, हे कळल्यावर त्यांचा जीव कळवळला. मक्याला टाकायचा युरिया घरात पडला होता. तो त्यांनी स्वतः बादलीत ढवळला आणि टाकीत ओतला. वर न्दोलोला बजावलं, की माल अंधाराआधी एमालीच्या आवारात आला नाही, तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं. न्दोलोची साठी जवळ आली होती. दुसरं कोण कामावर घेणार?

मागून कुणी धडकू नये म्हणून त्याने दिवे लावले, ट्रकच्या मागे हिरव्या फांद्या बांधल्या. इथेच घात झाला. मागच्या मटाटूवाल्याने, म्हणजे वडापच्या ड्रायव्हरने, फांद्या पाहिल्या, दिवे पाहिले, ती चाल पाहिली आणि कुणाला तरी गावी मातीला नेताहेत असं समजून आपलेही दिवे लावले. मयताला ओलांडून पुढे कसं जायचं? त्याच्यामागे आणखी मटाटू लागले, मग दोन बस, मग मोटारसायकलवरचा एक म्हातारा पाद्री. गेलं कोण, ते ट्रकच्या मागच्या फळीवर ठळक लिहिलेलंच होतं: किथोमे आणि मुलगे.

पाद्री शेजारी आला तेव्हा न्दोलोने खिडकीतून सांगितलं, की कुणी मेलेलं नाही, आत सिमेंट आहे.

"बाळा," पाद्री म्हणाला, "सुरुवातीला असंच वाटतं."

किबोकोच्या बाजारात न्दोलोने टोमॅटोवाल्या स्योंबुआला शपथेवर तेच सांगितलं. ती डोळे पुसत मागच्या बसमध्ये चढली. मग त्याने सांगणंच सोडलं. मागे गाणी सुरू झाली होती.

एमालीला पोचेपर्यंत दिवस बुडाला. मालक कमरेवर हात ठेवून फाटकात उभे. त्यांना पाहून गाणं मध्येच थांबलं. पाद्र्याने टोपी काढावी की घालावी, त्याला कळेना.

"म्हणजे मेला नाहीस?" स्योंबुआ मालकांना म्हणाली. आवाजात थोडी नाराजी होती. ती पाठ फिरवून बसकडे गेली, आणि एकेक करून सगळेच पांगले.

न्दोलोने किल्ली पुढे धरली. मालक रस्त्याकडेच बघत होते.

"ही स्योंबुआ रडत होती?"

"वाटभर, मालक."

"माझ्याशी बोलत नाही ती. जमिनीच्या भांडणावरून." मालकांनी न्दोलोची मूठ किल्लीसकट मिटली.

"उद्या मचाकोसची खेप आहे," ते हळूच म्हणाले. "अशीच सावकाश ने. तिकडची माणसं रडायची राहिलीत."