अदिवंगतमहोत्सव

डॉक्टरांनी हात टेकले, त्याच आठवड्यात आबांच्या आठवणींचे ई-बुक निघाले पाहिजे, असा त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आईंचा, हुकूम सुटला. आबा जन्मभर मुद्रितशोधक. त्यांच्या नजरेखालून एक वेलांटी चुकीची निसटली, तर त्यांना अन्न गोड लागत नसे. शिशाच्या खिळ्यांपासून संगणकापर्यंत सारी छपाई त्यांनी पाहिली होती. आता कागदावाचून निघणारे स्वतःचे पुस्तक डोळे मिटण्यापूर्वी निर्दोष पाहावे, एवढीच इच्छा उरली होती.

आईंनी मजकूर वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पानोपानी कोणीतरी मृत. मृत मालक, मृत सोबती, मृत मालकाचे मृत चुलते.

"जावईबापू, अंथरुणाला खिळलेल्या माणसानं हे वाचायचं? तो शब्द काढा. 'दिवंगत' घाला."

"सगळीकडे, आई?"

"मग काय निवडून निवडून? एकही राहता कामा नये."

जावयाने आज्ञा संगणकाच्या कानी घातली. संगणक जावयाहूनही आज्ञाधारक निघाला. एक कळ दाबताच काम फत्ते झाले आणि पुस्तक जगभर गेले.

आबांना उशांना टेकवून बसवले, हाती टॅब दिला. पहिल्याच पानावर ते थबकले.

"हे काय गं? 'आईच्या पवित्र स्दिवंगतीस'?"

आईंनी वाकून पाहिले. अर्पणपत्रिकेतच 'स्मृती'चा बळी गेला होता. पुढल्या पानावर 'मृत्यू'चा 'दिवंगत्यू' झाला होता.

"जावईबापू!"

"आई, 'स्मृती'च्या पोटात 'मृत' दडलाय, हे लक्षातच आलं नाही. तुम्हीच म्हणालात, एकही..."

"म्हणजे माझं चुकलं?"

"नाही, नाही. संगणकाचं."

"मग तसं स्पष्ट बोला."

आबा पाने सरकवत होते. आईंना वाटले, या माणसाची शेवटची इच्छा आपणच धुळीला मिळवली.

"पूर्वी शुद्धिपत्रं चिकटवायला मी खळ शिजवायची," त्या प्रथमच खालच्या आवाजात बोलल्या. "आता म्हणे सगळ्यांच्या प्रती परस्पर सुधारतात. सुधारून घेते."

तोच आबांचे खांदे गदगदू लागले. "ढास लागली! ऑक्सिजन आणा!" आई ओरडल्या. पण आबा हसत होते.

"पंचाहत्तरीचं प्रकरण बघ. 'माझा अदिवंगतमहोत्सव'! अगं, अ-दिवंगत. अजून न गेलेला! जन्मभर चुका शोधल्या, पण इतकी बरोबर चूक कधी सापडली नाही."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर जावई अदबीने म्हणाला, "आई, सगळं सुधारलं. आबांच्या टॅबमध्येसुद्धा आपोआप झालं."

आईंनी ते प्रकरण उघडले. 'माझा अमृतमहोत्सव'. शब्द शुद्ध होता. त्यांनी टॅब जावयापुढे धरला.

"पहिला होता तो परत घाला."

"अहो, चूक आहे ती. लोक हसतील."

"हसू द्या. ते हसले होते." टॅब बंद करून त्यांनी उशाशी ठेवला. "आणि जावईबापू, या वेळी सगळीकडे नको. निवडून घाला. तेवढा एकच."