दोन टाळूंच्या बाई

पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंची हिरडी मागे सरकली आहे, ही बाब सर्वप्रथम थंड पाण्याच्या लक्षात आली. बाईंनी वर्गात पाण्याचा घोट घेतला आणि वरच्या पुढच्या दातातून अशी कळ गेली, की त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं. समोरच्या मुलांनी सवयीप्रमाणे एका सुरात "आई गं!" म्हटलं.

कर्मचारी आरोग्य मंडळाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंडात छोटा आरसा घालून पाहिलं.

"बाई, दात कसे घासता?"

"चांगले खसाखसा. लहानपणापासून."

"तेच झालंय. दात घासता घासता हिरडी घासून टाकलीत. ती बिचारी वर सरकली आणि दाताचं मूळ उघडं पडलं. अजून हाड धरून आहे. लवकर झाकलं तर दात राहील. एकदा का हलायला लागला, की मग माझ्याही हातात काही नाही."

बाईंना तो दात हवाच होता. हौस म्हणून नव्हे. त, थ, द, ध, न ही अक्षरं त्या त्याच दाताच्या मागे जीभ टेकवून शिकवत. पहिलीतली मुलं फळ्याकडे कमी आणि बाईंच्या तोंडाकडे जास्त बघतात. जीभ कुठे गेली ते पाहतात, आपली तिथे नेतात आणि अक्षर येतं. एवढं साधं काम होतं, आणि बाईंना ते मनापासून आवडत होतं.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान शिंपी होते. दोऱ्याचं टोक ओठात धरून ते ऐकत होते.

"डॉक्टरांनी तीन उपाय सांगितलेत," बाई म्हणाल्या. "एक, शेजारच्या दाताची हिरडी थोडी सोडवायची आणि या दातावर ओढून टाके घालायचे."

"म्हणजे बाजूची शिवण उसवून कापड इकडे घ्यायचं. होतं तसं."

"दुसरा, टाळूतून पातळ तुकडा काढून इथे लावायचा."

"ठिगळ. अंगच्याच कापडाचं असलं तर ओळखूही येत नाही."

"तिसरा, बारीक छिद्र पाडायचं आणि त्यातून हिरडी आतल्या आत खाली सरकवायची."

"हे मला नसतं जमलं बाई. मग तुला काय सांगितलंय?"

"माझी हिरडी मुळात पातळ आहे म्हणाले. ठिगळच बरं."

"अगं मग लावून घे की! विरलेलं कापड नुसतं ओढलं तर टर्रकन फाटतं."

अशा रीतीने हा प्रश्न घरात एका बैठकीत सुटला. आता फक्त मंडळाची मंजुरी हवी होती. मंजुरीशिवाय दवाखान्यातले डॉक्टर कापसाचा बोळाही लावू शकत नसत. कर्मचाऱ्यांना वेळेवर उपचार मिळावेत या उदात्त हेतूने मंडळ स्थापन झालं होतं, आणि निदान नकार तरी ते वेळेवर देत असे.

बाईंनाही तो वेळेवर मिळाला. "आपण टाळूवरील त्वचा काढून घेऊ इच्छिता असे दिसते. डोक्यावरील केस व तत्संबंधी कामे सौंदर्यवर्धनात मोडत असल्याने विनंती अमान्य करण्यात येत आहे."

बाईंनी उत्तर दोनदा वाचलं आणि मंजुरी देणाऱ्या साहेबांना भेटायला गेल्या. साहेबांची खोली लांबट होती. पंखा साहेबांच्या डोक्यावर होता आणि अभ्यागतांची खुर्ची दाराच्या फटीपाशी.

"साहेब, ही डोक्यावरची टाळू नाही. तोंडातली."

"बाई, टाळू डोक्यावर असते. लहान बाळाच्या टाळूवर तेल घालतात ते काय तोंडात घालतात का?"

"तोंडातही असते, साहेब. ही बघा." बाईंनी तोंड उघडलं.

"तोंड मिटा. इथे अधिकाऱ्यांसमोर तोंड उघडलेलं चालत नाही."

बाई रागावल्या नाहीत. ज्याला येत नाही त्याला रागवायचं नसतं, शिकवायचं असतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"साहेब, त म्हणा बघू."

"त."

"जीभ कुठे लागली?"

साहेब विचारात पडले. "दातांच्या मागे."

"शाब्बास. आता च म्हणा. सावकाश. जीभ कुठे गेली?"

"च... च... वर गेली. छताला लागली."

"तीच टाळू."

साहेबांचा चेहरा उजळला. नोकरीत इतकी वर्षं काढून त्यांना प्रथमच काहीतरी समजलं होतं. "च, छ, ज, झ," ते स्वतःशीच म्हणाले. शिपाई आत आला तेव्हा त्यालाही त्यांनी च म्हणायला लावलं. बाई समाधानाने घरी परतल्या. पण शिकलेला माणूस काय करील याचा भरवसा नसतो.

मंडळाचं दुसरं उत्तर आलं. "चौकशीअंती असे निदर्शनास आले आहे, की अर्जदाराच्या ताब्यात एक नसून दोन टाळू आहेत. पैकी दुसरीचा उल्लेख पहिल्या अर्जात हेतुपुरस्सर टाळण्यात आला. दोन टाळू बाळगणारी व्यक्ती सुस्थितीतील समजली जात असल्याने ती सवलतीस पात्र नाही."

बाई पुन्हा गेल्या. आता दात जिभेला किंचित हलल्यासारखा वाटत होता.

"साहेब, दोन टाळू सगळ्यांनाच असतात. तुम्हालाही आहेत."

"माझी गोष्ट वेगळी. मी कुठे अर्ज केलाय?" साहेब आपुलकीने म्हणाले. "हे बघा बाई, तुम्ही मला शिकवलंत, म्हणून घरचं समजून सांगतो. टाळूचा नादच सोडा. डॉक्टरांनी दुसरं काही सुचवलं असेल तर ते मागा. मी स्वतः लक्ष घालतो."

डॉक्टर म्हणाले, "पातळ हिरडीला ते तितकं चांगलं नाही. पण काहीच न करण्यापेक्षा बरं." म्हणून बाईंनी शेजारची हिरडी ओढून घेण्याची परवानगी मागितली. साहेबांनी खरोखरच लक्ष घातलं. शेजारच्याचं काहीही ओढून घ्यायचं तर शेजाऱ्याची हरकत नसल्याचं सहीचं पत्र हवं, असा शेरा आला. बाईंच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकूंनी दारातच चौकशी केली.

"आमच्या भिंतीला हात नाही ना लावणार?"

"नाही हो काकू. माझ्याच तोंडातलं आहे."

"तुमचंच आहे तर माझी सही कशाला? आज हिरडी म्हणाल, उद्या गच्ची म्हणाल." काकूंनी दार लावून घेतलं.

उरला छिद्राचा उपाय. त्यावर मंडळाने कळवलं, की दातांच्या बाबतीत मंडळ छिद्रे बुजवण्यास साहाय्य करते. नवी पाडण्यास उत्तेजन देणे मंडळाच्या ध्येयधोरणाविरुद्ध आहे.

यजमान रात्रीच्या जेवणाला बाईंची भाकरी दुधात कुस्करून देऊ लागले. "एवढ्या वेळात मी अख्खा सूट उसवून पुन्हा शिवला असता गं," ते म्हणत. बाई हसत, पण ओठ मिटून.

शेवटी साहेबांचा निरोप आला. बाईंच्या प्रकरणासाठी खास समिती बसली होती. दोन टाळूंचं म्हणणं सदस्यांना पटत नव्हतं, म्हणून बाईंनी तो धडा सर्वांसमोर घ्यावा अशी साहेबांची इच्छा होती. "माझ्यावर जसा घेतलात तसाच घ्या. ऐकतील."

लांब टेबलाभोवती सदस्य बसले होते. बाई उभ्या राहिल्या. पहिलीच्या वर्गात उभ्या राहायच्या तशाच.

"सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघा. आधी त. जीभ दातांच्या मागे. म्हणा, त."

बाईंनी जीभ टेकवली आणि दात टेबलावर पडला. टप्पकन आवाज झाला. तो थोडा घरंगळला आणि अध्यक्षांच्या पेल्याला टेकून थांबला.

मग अध्यक्षांनी चष्मा लावून दात नीट पाहिला.

"पुरावा सादर झालेला आहे," ते म्हणाले. "दातच नाही, तर त्याचं मूळ उघडं पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण निकाली. अर्जदाराच्या सहकार्याबद्दल मंडळ आभारी आहे."

"पण छाहेब," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी स्वतःचा आवाज प्रथमच असा ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी मुलांनी नेहमीप्रमाणे बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. जीभ कुठे गेली ते पाहिलं, तर ती फटीतून बाहेर आली होती. मुलांनीही आज्ञाधारकपणे जिभा बाहेर काढल्या. महिना सरायच्या आत अख्खा वर्ग तबल्याला 'थबला' आणि नदीला 'नधी' म्हणू लागला. बाईंनी खुणेने, खडूने, चित्रांनी समजावून पाहिलं. पण मुलं बाईंवर प्रेम करणारी होती. ती बाईंसारखीच बोलत.

पालकांची सभा झाली. बाईंना दात बसवून द्यावा, अशी मागणी मंडळाकडे करावी असं एका आईने सुचवलं. "अगदी बरोबर," सगळे म्हणाले. "हे व्हायलाच पाहिजे." मग सही कोणी आधी करायची यावर चर्चा झाली. उद्या आपलंही काही काम मंडळात अडेल, कशाला वाकड्यात शिरायचं, असं एक वडील म्हणाले. ते सर्वांना त्याहून बरोबर वाटलं. सभा खेळीमेळीत संपली. जाताना प्रत्येकाने बाईंना नमस्कार केला आणि तोंडातल्या तोंडात, गुपचूप, जिभेने आपले पुढचे दात चाचपून पाहिले.

तुम्हीही आत्ता पाहिलेत. सगळे जागेवर आहेत ना? मग झालं तर. पान उलटा.